मुलगी व्यायामाचं शास्त्र शिकते म्हणजे नेमकं काय शिकते?

 

दहावी-बारावीचे निकाल लागले की गटाच्या बैठकीत हप्त्याचा विषय मागे पडतो आणि मुलींचा विषय पुढे येतो. त्यात एक प्रश्न आम्हाला दरवर्षी ऐकू येतो. "पोरगी खेळात हुशार आहे, पळण्यात नंबर आणते, खो-खोत कुणाला हात लागू देत नाही. पण पुढं काय?" या प्रश्नाला आपल्याकडे दोनच उत्तरं ठरलेली असतात. एक पोलीस भरती, दुसरं लग्न. भरती चांगलीच आहे, पण जागा मोजक्या आणि धावणाऱ्या मुली पुष्कळ. म्हणून आज तिसऱ्या वाटेबद्दल बोलायचं ठरवलं आहे. शरीर कसं हलतं, का दुखतं आणि हालचालीनं कसं बरं होतं, याचं शास्त्र शिकून आरोग्याच्या क्षेत्रात काम करण्याची ही वाट.

पहिली शंका सगळ्यांची एकच असते. "व्यायाम तो काय, त्यात कॉलेजात जाऊन शिकायचं काय?" त्यासाठी एक खरी गोष्ट सांगतो. लंडनमध्ये दुमजली बस चालत. चालक दिवसभर बसून गाडी हाकायचा आणि वाहक तिकिटं फाडत दिवसभर जिना चढ-उतार करायचा. दोघांची नोकरी एकाच खात्यातली, गाडीही एकच. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हजारो कामगारांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसलं की हृदयविकाराचं प्रमाण चालकांपेक्षा वाहकांमध्ये कमी आहे. हा अभ्यास १९५३ मध्ये छापून आला. त्यानंतर जगभर हाच विषय खोलात शिकला जाऊ लागला. किती हालचाल पुरेशी, कोणती हालचाल कोणाला चालेल, कोणत्या आजारात काय टाळायचं, हे मोजून ठरवायला लागले. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाची हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. हा आकडा अंदाजानं काढलेला नाही, अशा अनेक अभ्यासांतून आलेला आहे.

दुसरी शंका आपल्या शेतकरी बायांची. "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कशाला व्यायाम?" प्रश्न रास्त आहे. पण राबणं आणि व्यायाम यांत फरक आहे. कापूस वेचताना आपण तासन् तास कमरेतून वाकलेल्या असतो, ओटीत कापूस भरत जातो आणि वजन पुढे ओढत राहतं. कांद्याची लागवड, निंदणी, खुरपणी, सगळीकडे तेच. वाकलं की धडाचा सगळा भार कमरेच्या मणक्यांवर आणि पाठीच्या स्नायूंवर येतो. पाण्यानं भरलेली कळशी अंगाशी धरून चालून बघा आणि मग तीच हात लांब करून धरून बघा. कळशी तितकीच, पण लांब धरली की खांदा भरून येतो. कमरेचंही तसंच आहे. भार शरीरापासून जितका लांब, तितकी ओढ जास्त. म्हणजे कामात काही सांधे आणि स्नायू रोज झिजतात, आणि काहींना कामच मिळत नाही, ते कमजोर राहतात. व्यायामाचं शास्त्र शिकलेली व्यक्ती हे ओळखते आणि कोणता स्नायू बळकट करायचा, कोणता सैल करायचा, काम करताना अंग कसं धरायचं, हे सांगते.

आता ही माणसं कोणकोणत्या दुखण्यात उपयोगी पडतात, ते बघा. लकवा मारलेल्या माणसाचा हात-पाय परत चालता करायचा, तर औषधाबरोबर रोज ठरावीक हालचाली पुन्हा पुन्हा करून घ्याव्या लागतात. त्या सरावानंच मेंदू ती हालचाल नव्यानं शिकतो. मधुमेहात चालणं, उठबस करणं का सांगतात? कारण स्नायू काम करू लागला की तो रक्तातली साखर ओढून वापरतो. पाळी बंद झाल्यावर बायांची हाडं ठिसूळ होत जातात, आणि अंगाचा भार घेऊन केलेला व्यायाम हाडं टिकवायला मदत करतो. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात बसून ज्यांना दम लागतो, त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवले जातात. जन्मतः ज्यांच्या हातापायांत ताठरपणा आहे, अशा लेकरांना बसायला, उभं राहायला शिकवणंही याच लोकांचं काम.

आणि एक दुखणं आपण एकमेकींतही दबक्या आवाजात बोलतो. अंग बाहेर येणं. खोकलं, शिंकलं की लघवी होणं. बाळंतपणं झाल्यावर लगेच जड ओझी उचलली की ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात, त्यातून हे होतं. सुरुवातीच्या टप्प्यात त्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकवले तर पुष्कळ फरक पडतो. जास्त असेल तर डॉक्टरांकडे जावंच लागतं. पण हे सांगायचं कोणाला? समोर पुरुष असला की बाई तोंड उघडत नाही. "कंबर दुखते" एवढं सांगून गोळी घेऊन घरी येते. म्हणून आम्हाला वाटतं, हे शास्त्र शिकलेल्या मुली आपल्या भागात हव्यात. ही गरज आपली आहे, आणि नोकरी आपल्या लेकीची आहे.

हा विषय परदेशातून आयात झालेला नाही, हेही सांगतो. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली कैवल्यधाम ही संस्था सुरू केली. त्याआधी ते आपल्या शेजारच्या खानदेशात, अमळनेरला शिक्षक होते. आसनं आणि नौलीसारख्या क्रिया करताना शरीरात काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरण यंत्र लावून तपासलं आणि ते निष्कर्ष छापून ठेवले. शंभर वर्षांपूर्वी मराठी मुलखात व्यायामाची अशी तपासणी झाली आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासूनचं. आणि एका बाईचं नाव मुद्दाम सांगायचं आहे. कमला निंबकर. त्या मूळच्या अमेरिकेच्या, लग्न होऊन मराठी घरात आल्या. व्यवसायोपचार म्हणजे आजारपणानंतर माणसाला जेवणं, कपडे घालणं, काम करणं पुन्हा जमवून देण्याचं शास्त्र. ते शिकून त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये त्याची शाळा सुरू केली. त्यानंतर थोड्याच काळात त्याच रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षणही सुरू झालं.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वाटा वेगवेगळ्या आहेत आणि नावं सारखी वाटतात, म्हणून इथं गोंधळ होतो. नीट लक्ष द्या.

पहिली वाट फिजिओथेरपीची. ही उपचाराची पदवी आहे. हिला बीपीटीएच म्हणतात. आजवर चार वर्षं शिक्षण आणि सहा महिने रुग्णालयात प्रत्यक्ष काम, असा साडेचार वर्षांचा हा अभ्यासक्रम चालत आला आहे. २०२१ मध्ये केंद्राचा नवा कायदा झाला, त्यामुळे नियमांत बदल होत आहेत. म्हणून प्रवेशाच्या वर्षी कालावधी विचारून घ्यावा. पहिल्या वर्षी शरीराची रचना आणि शरीराचं काम शिकवतात. हाड कुठं जोडलंय, स्नायू कुठून निघून कुठं चिकटतो, सगळं. मग व्यायामोपचार, विजेच्या यंत्रांचे उपचार, नंतर आजारांची माहिती, आणि शेवटी हाडं-सांधे, मेंदू-मज्जा, हृदय-फुप्फुसं यांचे उपचार आणि गावपातळीवरचं काम. राज्यातली बहुतेक महाविद्यालयं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत.

दुसरी वाट शारीरिक शिक्षणाची. कोणतीही पदवी झाल्यावर दोन वर्षांचं बीपीएड करता येतं. त्याला राज्याची सामाईक परीक्षा असते आणि मैदानी चाचणीही असते. कला शाखेच्या मुलीलाही ही वाट खुली आहे. पुढे एमपीएड. यातून शाळा-महाविद्यालयात शिक्षिका, क्रीडा मार्गदर्शक अशी कामं मिळतात. आपल्या शहरात, छत्रपती संभाजीनगरात, ही सोय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातच भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं प्रशिक्षण केंद्रही आहे.

तिसरी वाट क्रीडाविज्ञान किंवा व्यायामविज्ञानाची. यात खेळाडूचा दम, ताकद, आहार, दुखापत कशी टाळायची, हे मोजून अभ्यासतात. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून या क्षेत्रात काम करते आहे. आपल्या राज्यानंही २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला, त्यासाठी पुण्याची बालेवाडी निवडली. ऑस्ट्रेलियासारख्या देशात व्यायामशास्त्राचे पदवीधर मधुमेह-हृदयविकाराच्या रुग्णांबरोबर मान्यताप्राप्त व्यावसायिक म्हणून काम करतात. आपल्याकडे मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. क्रीडाविज्ञान शिकलेली मुलगी खेळाडू घडवू शकते, व्यायामशाळा चालवू शकते, तंदुरुस्तीचं मार्गदर्शन करू शकते, पण फिजिओथेरपिस्ट म्हणून रुग्णावर उपचार करू शकत नाही. त्यासाठी फिजिओथेरपीचीच पदवी लागते.

म्हणजे निर्णय बारावीनंतर घ्यायचा असं आपण समजतो, पण खरा निर्णय दहावीनंतर होतो. फिजिओथेरपीला बारावी विज्ञान शाखेतून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन व्हावी लागते. अकरावीला मुलीनं कला शाखा घेतली तर ते दार तिथंच बंद होतं. राज्यात या प्रवेशासाठी नीट परीक्षा द्यावी लागत आली आहे आणि प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतो. नीट म्हटलं की घरचे घाबरतात, "ती तर डॉक्टर होणाऱ्यांची परीक्षा". पण फिजिओथेरपीच्या जागा एमबीबीएसपेक्षा कमी गुणांवर मिळतात. म्हणून डॉक्टरकी हुकली म्हणून रडत बसू नये, यादीत हा पर्यायही भरावा.

पैशाचं काय? सरकारी जागा मोजक्या आणि खासगी महाविद्यालयांचं शुल्क आपल्यासारख्यांना जड. पण ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं मोठी सोय झाली आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि विमुक्त-भटक्या प्रवर्गातल्या मुलींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. अर्ज महाडीबीटीवर भरायचा.

इथं दोन अटी पक्क्या लक्षात ठेवा. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून थेट पैसे भरून घेतलेल्या प्रवेशाला माफी नाही. आणि अभिमत विद्यापीठं व खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या माफीतून वगळलेली आहेत. म्हणजे घराजवळचं, दिसायला चकचकीत कॉलेज मिळालं म्हणून हुरळून जाऊ नका. आधी विचारा, "हे कॉलेज कोणत्या विद्यापीठाचं? मुलींची शुल्कमाफी इथं लागू आहे का?" कधी कधी दूरच्या गावचं साधं कॉलेज जवळच्या कॉलेजपेक्षा किती तरी स्वस्त पडतं. वसतिगृहासाठीही निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत, पंजाबराव देशमुख यांच्या नावाची आणि अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार. त्यांची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करावी.

आता एक कडू अनुभव सांगतो. आमच्या ओळखीतल्या एका ताईंनी गटातून कर्ज काढून मुलीला एका संस्थेत "फिजिओथेरपीचा कोर्स" लावला. काही महिन्यांत प्रमाणपत्र आणि लगेच नोकरी, असं सांगितलं होतं. प्रमाणपत्र मिळालं, गुळगुळीत कागदावर, सोनेरी शिक्क्याचं. मुलगी ते घेऊन दवाखान्यात गेली, तेव्हा तिला विचारलं, "परिषदेची नोंदणी कुठाय?" तशी नोंदणी त्या कोर्सवर होतच नाही. मुलगी आज दवाखान्यात मदतनीस आहे, ते काम प्रामाणिक आहे, पण ज्यासाठी पैसे भरले ते हे नव्हे. ताई अजून हप्ते फेडतात.

म्हणून सांगतो. महाराष्ट्रात फिजिओथेरपी करायची तर महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी लागते. मान्यताप्राप्त पदवीशिवाय ती होत नाही. प्रवेश घेण्याआधी कॉलेजचं नाव राज्याच्या प्रवेश फेरीच्या यादीत आहे का, ते बघा. नाव यादीत नसेल तर एक रुपयाही देऊ नका. पावती मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे तर अजिबात नको.

नोकऱ्या कुठं असतात? रुग्णालयात, हाडांच्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागात. शासनाच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याला लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथं फिजिओथेरपिस्ट लागतात. वृद्धांच्या आरोग्य कार्यक्रमात लागतात. दिव्यांग मुलांच्या शिक्षणातही लागतात. यातली बरीच पदं कंत्राटी असतात, पगार सुरुवातीला फार नसतो, हे झाकून ठेवत नाही. पण नोंदणी हातात असली की स्वतःचा दवाखाना टाकता येतो, आणि लग्नानंतर गाव बदललं तरी विद्या सोबत जाते. खेळाकडे जायचं तर संघाबरोबर फिजिओ आणि प्रशिक्षक लागतातच. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. मातीतल्या खेळाला मान मिळतोय, तसं त्या खेळामागचं शास्त्र जाणणाऱ्यांचं कामही वाढणार.

सगळ्याच मुलींना हे जमेल असं नाही. जीवशास्त्राची गोडी हवी, रुग्णाच्या अंगाला हात लावायची तयारी हवी, धीर हवा. लकव्याचा माणूस एका दिवसात उठत नाही. तीन-तीन महिने रोज तीच हालचाल करून घ्यावी लागते. मुलीला हे काम आधी दाखवा. शहरातल्या एखाद्या फिजिओथेरपी विभागात ओळख काढून तिला अर्धा दिवस बसवा. बघून आली की तिचं तीच सांगेल.

आता गटानं काय करायचं? आमच्या मते चार कामं आपल्या हातातली आहेत. नववी-दहावीच्या मुलींची यादी करून त्यांच्या आयांना शाखा निवडीबद्दल आधीच सांगायचं. अकरावी विज्ञानाला प्रवेश झाला की जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, लागू असेल त्यांनी नॉन-क्रीमीलेअर काढून ठेवायचं आणि जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत वेळेत टाकायचा. पडताळणी राहिली म्हणून हातची जागा जाते, हे आपण पाहिलं आहे. तिसरं, फॉर्म, प्रवासभाडं, पुस्तकं यांसाठी गटाच्या अंतर्गत कर्जात मुलींच्या शिक्षणाला प्राधान्य द्यायचं. आणि चौथं, मोठं कर्ज देण्याआधी कॉलेजच्या मान्यतेचा कागद बैठकीत सगळ्यांसमोर वाचायचा. हप्ता चुकला तर आपण प्रश्न विचारतोच, मग कॉलेजला विचारायला काय हरकत आहे?

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. तुमच्या गटात दहावीला किती मुली आहेत, तेवढं मोजा आणि आम्हाला कळवा. त्यांच्या आयांसाठी एकत्र बैठक लावू आणि शाखा निवडीचा अर्ज भरण्याआधी सगळ्या मिळून बोलू. तोवर कापूस वेचताना अधूनमधून सरळ उभं राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूच मागे झुका, आणि ओटी अर्धी भरली की रिकामी करा. नमस्कार.